जुनी पिकअप घेतली, आता आधी काय करू?

गेल्या अंकात जुन्या गाड्यांवर चार ओळी लिहिल्या आणि त्याच विषयावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतो आहे. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ते वाचून मला त्या मुलाची काळजी वाटली, म्हणून.

प्रश्न : मी ओतूरचा (ता. जुन्नर), वय 26. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी करतो. आजवर माल दुसऱ्याच्या गाडीने कल्याणला जायचा, भाड्यातच नफा जायचा. दिवाळीनंतर 2009 सालची पिकअप घेतली, 1,70,000 रुपयांना. इंजिन चांगलं आहे, थोडं तेल खातं. आरसीवर भरलेलं वजन 2,780 किलो आणि रिकामं 1,620 किलो लिहिलं आहे. हाताशी अजून 80 हजार आहेत. मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवायचे, हौदा फूटभर उंच करायचा, डिझेल पंप थोडा वाढवून घ्यायचा, मोठे टायर, एलईडी आणि शेवटी रंग, असा विचार आहे. एका खेपेला 100 कॅरेट गेले पाहिजेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, स्वतःची गाडी झाली, फार चांगलं झालं. आता सुरुवात तुमच्या रस्त्यापासून करू.

मढ गाव मागे पडलं की पुढे माळशेज घाट लागतो. तुमचा माल कल्याणला जातो, म्हणजे तुमची गाडी घाट उतरते ती भरलेली आणि चढते ती रिकामी. खालून वर माल आणणाऱ्याला इंजिनाची ताकद लागते. तुम्हाला लागतात ब्रेक. तुमच्या यादीत सहा कामं आहेत आणि ब्रेकचं नाव एकदाही आलेलं नाही. म्हणून मला पत्र दोनदा वाचावं लागलं.

मी एसटीच्या आगारात 29 वर्षं काढली आणि आता आळेफाट्याजवळ छोटं गॅरेज चालवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घाटातून फोन आला, म्हणून टूलबॉक्स घेऊन गेलो. एक पिकअप कठड्याला घासून उभी होती. मागच्या चाकांतून धूर येत होता, जळक्या ब्रेक लायनरचा वास पार रस्त्याच्या पलीकडे येत होता. ड्रायव्हर तुमच्याच वयाचा. बाटलीचं झाकण उघडायला गेला तर हात एवढे थरथरत होते की पाणी शर्टावर सांडलं. त्याने पूर्ण उतार टॉप गिअरमध्ये आणि ब्रेकवर काढला होता. शेवटच्या वळणाआधी पेडल तळाला टेकलं. मी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. आतलं तेल उकळलेल्या चहासारखं काळपट झालं होतं. किती वर्षं बदललं नाही ते त्यालाही सांगता येईना.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. तेल जितकं जुनं तितकं त्यात पाणी जास्त आणि तितकं ते कमी उष्णतेला उकळतं. उताराला ड्रम आणि डिस्क तापल्या की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग तुम्ही पेडल कितीही जोराने दाबा, जोर वाफेत जिरतो, चाकापर्यंत पोचतच नाही. गार झाल्यावर पेडल पुन्हा कडक लागतं, म्हणून गॅरेजात आणेपर्यंत काही दोष दिसत नाही. त्या दिवशीही तासाभराने पेडल अगदी ठीक लागत होतं.

तेव्हा पहिले पैसे इथे घाला. चारही चाकं उतरवा. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने उचलून पाहा. आत ओल दिसली तर नुसतं रबराचं किट टाकू नका, सिलिंडरच बदला. लायनर काळे आणि तेलकट असतील तर ते तेल ब्रेकचं आहे की अॅक्सलचं ते आधी बोटाने चोळून, वास घेऊन ठरवा. गिअर ऑइलचा वास उग्र असतो, लपत नाही. सील गळतंय आणि नुसते लायनर बदलले, तर आठवड्यात नवे लायनरही वाया जातात. सगळं जुनं तेल काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा डबा, घरीच तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. तसंच कडक राहिलं तर व्हॅक्यूम पंपापासून शोध घ्या. अनेक डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे असतो आणि त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल तिथून गायब होतं. तुमची गाडी तेल खाते म्हणता ना, तर इंजिन उघडायच्या आधी अल्टरनेटरचा मागचा भाग तेलाने माखलाय का ते पाहून घ्या.

आणि एक सवय लावाच. ज्या गिअरमध्ये तो उतार भरल्या गाडीने चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद तर मुळीच करायचं नाही. इंजिन बंद झालं की बूस्टर जातो, पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जातं.

आता पाटे. इथे मला ठाम नाही म्हणायचं आहे. पाटे वाढवल्याने गाडीची ताकद वाढत नाही, फक्त मागचा भाग खाली बसत नाही एवढंच. वजन आहे तेवढंच राहतं आणि ते चासी, अॅक्सलची नळी, बेअरिंग, टायर यांच्यावर जातं. पाट्याच्या मागच्या शॅकलचा (पाटा टांगणाऱ्या कडीचा) ब्रॅकेट जिथे चासीला लागतो तिथे तडे गेलेल्या किती पिकअप मी पाहिल्यात याची मोजदाद नाही.

त्याहून गंभीर गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बऱ्याच पिकअपला चासीवर एक ब्रेकचा व्हॉल्व असतो आणि त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. वाकून पाहा, तुमच्याही गाडीला असेल. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असताना मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरू नये म्हणून दाब कमी ठेवतो. तुम्ही पाटे वाढवले की गाडी भरली तरी बसत नाही. व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे दोन टन माल भरून तुम्ही घाट उतरताय आणि मागच्या ब्रेकला दाब मिळतोय रिकाम्या गाडीचा. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, आणि तेच आधी तापणार. काही मिस्त्री ही दांडी तारेने बांधून टाकतात, तेही तितकंच वाईट. पावसात रिकामी गाडी वळणावर मागून फिरते.

तुमचे पाटे दमले असतील तर ते उतरवून कमान पुन्हा आणून घ्या, तुटलेला पाटा असेल तर तेवढाच बदला, बुश आणि सेंटर बोल्ट नवे टाका. पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्या आणि भरल्या गाडीने 500 किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. हे शेवटचं कुणी करत नाही, आणि सैल यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल तिरका होतो.

100 कॅरेटचा हिशोब तुमच्याच आकड्यांवर मांडू. 2,780 मधून 1,620 गेले, उरले 1,160 किलो. तुम्ही आणि सोबतचा एक माणूस, 140 धरा. राहिले 1,020. टोमॅटोचं कॅरेट 20 किलोचं, रिकाम्या कॅरेटचे दोन धरले तर 22. म्हणजे 46 कॅरेट. 100 कॅरेट म्हणजे 2,200 किलो, दुपटीहून जास्त. पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच रस्त्यावर उतरवावा लागतो. उन्हात उतरवलेल्या टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी तुमच्या जागी असतो तर 35 कॅरेट टोमॅटो आणि उरलेल्या जागेत कोथिंबीर-मेथीच्या जुड्या असा भरणा केला असता. जुड्यांना जागा लागते, वजन कमी भरतं, आणि एका पिकाचा भाव पडला तरी खेप पूर्ण अंगावर येत नाही.

हौदा उंच करण्याबद्दल : कलम 52 प्रमाणे आरसीवरची, म्हणजे कंपनीने ठरवलेली मापं परस्पर बदलता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं आहे. पासिंगला अडकेल ते वेगळंच, पण उंच भरलेल्या गाडीचा तोल वळणावर जातो ही माझी खरी भीती आहे. पंप वाढवू नका. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता आणि काळा धूर, आणि इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाला ते झेपत नाही. मोठे टायरही नकोत. बॉडीला घासतात, गिअर जड होतात आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. ठरलेल्या मापाचेच, भार पेलणारे चार नवे टायर घ्या. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला कधीच लावू नका.

चासी मात्र नीट तपासा. खताच्या गोण्या वाहिलेली आणि भाजीचं पाणी झिरपलेली गाडी हौद्याखालून गंजते. लहान हातोडीने पट्टीभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्या जागी बसका येतो आणि पापुद्रे पडतात. वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडेला ना भोक पाडू द्या ना वेल्डिंग मारू द्या. तडा तिथूनच सुरू होतो. स्टीअरिंगसाठी पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवलं आणि हललं तर बेअरिंग किंवा किंग पिन, दोन्ही बाजूंना धरून हललं तर टाय रॉडची टोकं.

उजेड वाढवायची तुमची इच्छा रास्त आहे, रात्री दोनला निघणाऱ्याला उजेड हवाच. पण समोरच्याच्या डोळ्यात जाणारे एलईडी नकोत. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत बराच कमी होतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले टाकून घ्या, काळवंडलेले रिफ्लेक्टर बदला, बल्ब आहे तोच 60/55 वॅटचा ठेवा. फरक पहिल्याच रात्री दिसेल. मला पटणारा बदल म्हणाल तर हा. दुसरा म्हणजे डिझेल लाइनला पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर. तिसरा, हौद्यात जाड रबरी मॅट, म्हणजे कॅरेट सरकत नाहीत आणि पत्र्याला पाणी लागत नाही.

माझ्या भागातल्या दराने हिशोब असा बसतो. ब्रेक 16 हजार, स्टीअरिंग 9, टायर 30, पाटे-बुश 7, चासीचं काम 4, वायरिंग 3, ताडपत्री, दोर आणि फाळक्याच्या नव्या साखळ्या 5. झाले 74. उरलेल्या 6 हजारांना हात लावू नका, पहिल्या महिन्यात काहीतरी निघतंच. रंग पुढच्या दिवाळीला. फक्त हौद्याखाली गंजरोधक रंगाचे दोन हात आत्ताच मारा.

प्रश्न : मी वाई तालुक्यातून लिहिते. आमच्या अण्णांची 2011 ची पिकअप ते गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, शेडमध्ये उभी आहे. मी स्ट्रॉबेरी करते आणि आता माल स्वतः पुण्याला न्यायचा आहे. एक मिस्त्री म्हणाले, भंगारात 45 हजार येतील, देऊन टाका. दुसरे म्हणाले, टोचन लावून ओढली की लगेच सुरू होईल. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही नका ऐकू. अण्णांनी गाडी शेडमध्ये ठेवली होती, पावसात नव्हती, म्हणजे ती उठण्याची आशा बरीच आहे. पण टोचन लावून ओढलीत तर आशा तिथेच संपेल. चार वर्षांत सिलिंडरच्या आतलं तेल सुकलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरलेल्या असू शकतात. ओढून चाकाच्या जोराने इंजिन फिरवलं की रिंग तरी तुटते, नाहीतर भिंतीवर चरे पडतात.

माझी पद्धत सांगतो, तसं मिस्त्रीकडून करून घ्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा. चारही हीटर प्लग (गार इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे) काढायला लावा. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, सावकाश, दोन पूर्ण फेरे. कुठे अडकलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल आणि पुन्हा एक रात्र. माझ्याकडे एका गाडीला पाच रात्री लागल्या. सहाव्या सकाळी पाना अचानक हलका झाला आणि इंजिनातून दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज आला. पिस्टन हलून चार प्लगच्या भोकांतून सिलिंडरमधली हवा बाहेर पडली होती. ती गाडी आजही चालते आहे.

इंजिनला टायमिंग बेल्ट असेल तर तो बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. चार वर्षं एकाच जागी वाकून राहिलेला रबरी बेल्ट तुटला तर व्हॉल्व वाकतात. चेन किंवा गिअर असतील तर ही चिंता नाही.

डिझेल टाकी पूर्ण रिकामी करा. तळाला पाणी असतं आणि त्या पाण्यात काळा, बुळबुळीत गाळ धरतो. तो एकदा पंपात गेला की नोझल आणि पंप दोन्हीचा खर्च. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा घाला, हातपंपाने डिझेल चढवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. इंजिन ऑइल, कूलंट, पट्टे नवे. वायरिंगवर हात फिरवून पाहा, उभ्या गाडीत उंदीर हमखास राहतात.

पहिल्यांदा सुरू करताना तीन गोष्टी. आधी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारायचा, थांबून थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे बेअरिंगला तेल पोचतं. दुसरं, गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीत क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते आणि मग क्लच दाबूनही चाकाकडे जाणारी ताकद तुटत नाही. तिसरं, हवेचा पाइप मोकळा करून त्याच्या तोंडाजवळ सपाट लाकडी फळी घेऊन एक जण तयार हवा. पंप अडकून इंजिन आपोआप वेग घेऊ लागलं तर चावी बंद करून ते थांबेलच असं नाही. हवा तोडली की थांबतं. हात कधीही लावायचा नाही, फळीच.

टायरची नक्षी दिसायला शाबूत असेल, तरी फसू नका. बाजूला चार आकडी तारीख असते. 2316 असेल तर 2016 सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर उभ्या उभ्या कडक होतो. हँडब्रेक ओढलेला राहिला असेल तर लायनर ड्रमला धरलेले असतील, ड्रमवर भोवताली हलकं ठोकून सोडवावे लागतात.

कागदांचं मात्र आधी बघा, खर्च त्यानंतर. गाडी अजून अण्णांच्या नावावर असेल तर वारस म्हणून फॉर्म 31 भरून ती तुमच्या नावावर करावी लागेल. यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, ती गेली आहे, त्यामुळे आरटीओत उशिराचं शुल्क विचारून घ्या. भावंडं असतील तर त्यांची संमती लागेल. बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. फिटनेस संपलेला असणार. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर तो दरवर्षी करावा लागतो. त्याशिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. गाडी बंद असल्याचं आधी कळवलेलं नसेल तर मागचा करही निघू शकतो, तो आकडा हातात आला की मगच मिस्त्रीला आगाऊ पैसे द्या.

हे सगळं धरून खर्च लाखाच्या आत राहिला तर करा, असं माझं मत आहे. एकच मालक, त्याने स्वतः वापरलेली, शेडमध्ये ठेवलेली गाडी बाजारात शोधून मिळत नाही. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात नीट पाहा. अण्णांसारखी माणसं ऑइल कधी बदललं, पाटा कधी टाकला याची वही ठेवतात. सापडली तर मिस्त्रीला ती आधी दाखवा.

प्रश्न : आष्टी तालुका, जि. बीड. माझ्या पिकअपला मागे दोन्ही बाजूंना बाकडी आणि वर ताडपत्रीच्या कमानी बसवायच्या आहेत. सीझनमध्ये मजूर न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाड. खर्च किती येईल?

उत्तर : भाऊ, खर्च सांगत नाही, कारण हे काम मी कुणालाच करून देत नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर हौद्यात नुसती बसवून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असणं वेगळं. बाकीच्यांची भरपाई थेट तुमच्यावर, तुमच्या जमिनीवर येते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं आहे. एसटीत असताना ब्रेकडाउन गाडीवर ड्यूटी असायची, तेव्हा उलटलेल्या एका गाडीजवळ आम्हीच पहिले पोचलो होतो. केबिनला साधा ओरखडाही नव्हता, ड्रायव्हर चालत बाहेर आला. मागची माणसं लांबवर, कुठे कुठे पडली होती. कॅरेट दोराने बांधलेलं असतं, माणूस बांधलेला नसतो. वळणावर सगळे एका बाजूला झुकले की मालापेक्षा जास्त वेगाने तोल जातो. ती माणसं रोजच्या मजुरीसाठी तुमच्या भरवशावर चढणार आहेत. मजूर न्यायचेच असतील तर प्रवासी परवान्याची जुनी जीप किंवा मिनीबस पाहा, किंवा सीझनपुरती भाड्याने घ्या. पिकअप मालासाठी राहू द्या.

प्रश्न : बार्शीहून. सकाळी गार असताना गाडी उशिरा सुरू होते आणि पांढरा धूर सोडते. पाच-सात मिनिटांत बंद होतो. इंजिन काढावं लागेल का?

उत्तर : नाही. धूर निळसर असून गरम झाल्यावरही राहिला असता तर रिंगा किंवा व्हॉल्व सील म्हटलं असतं. काळा असता तर एअर फिल्टर आणि नोझल. पांढरा असून थांबतच नसता आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असतं, तर हेड गॅस्केट. तुमचा गरम झाल्यावर जातो, म्हणजे ते न जळलेलं डिझेल आहे. आधी हीटर प्लग पाहा. प्लगवरची पट्टी काढा, बारा व्होल्टच्या टेस्ट बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. बल्ब पेटला तर प्लग चालू, नाही पेटला तर तो गेला. दोन गेले असतील तरी चारही एकदम बदला. चारही पेटले तर रिले आणि त्या पट्टीला येणारी वायर तपासा, गंजाने तिथे करंट अडतो. बदलताना थंड इंजिनावर, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून मगच पाना लावा. प्लग हेडमध्ये तुटला तर मात्र हेड उतरवावं लागतं.